नऊ नंबरचा तुकडा

"मारा रानबा, पहिली कुदळ तुमची," असं म्हणून केळुसकरांनी नवीकोरी कुदळ माझ्या हातात दिली आणि सोसायटीच्या तीस-पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

कुदळीच्या दांड्याला झेंडूची माळ गुंडाळलेली होती. समोर नऊ नंबरचा तुकडा होता, पण जमीन म्हणावी असं काही दिसत नव्हतं. कमरेइतकं गाजरगवत, मधूनमधून घाणेरीची काटेरी झुडपं, आणि त्याखाली हरळी अशी गच्च विणलेली की तिच्यावर पंगत बसवता आली असती. मी धोतर नेसून आलो होतो. एरवी मी पँट घालतो, पण प्रसंगाला शोभेल म्हणून कपाटातून शोधून काढलं होतं. मी पाय रोवले, कुदळ डोक्यावर नेली आणि सगळा जोर लावून हाणली. कुदळ हरळीवरून टणकन उसळली. दांडा माझ्या हातात राहिला. लोखंड माळेसकट उडालं आणि केळुसकरांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर जाऊन पडलं.

केळुसकर सोसायटीचे अध्यक्ष होते, त्यामुळे ते आधी पायाकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात शेजारच्या दहा नंबरच्या तुकड्यावरून एका बाईचा शांत आवाज आला.

"साहेबांनी मुद्दाम करून दावलं बगा. नवा दांडा पाण्यात भिजवून फुगवला न्हाई, तर काय हुतंय त्ये. असं डोळ्यांनी बगितलं की ध्यानात ऱ्हातंय."

"अरे वा," केळुसकर म्हणाले. पुन्हा टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर वही काढून लिहूनही घेतलं.

त्या बाई म्हणजे पारूबाई चौगुले. तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या शुभांगीच्या आई. नवरा गेल्यावर गावाकडचं घर बंद करून लेकीकडे राहायला आल्या होत्या. सगळे त्यांना पारूआक्का म्हणत. त्या वेळी त्यांचं वय पासष्टच्या पुढे असावं. नऊवारी लुगडं, हातात खुरपं, आणि चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते कळणार नाही इतपत हसू.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या मागे ओढ्याकाठी एक पडीक पट्टा होता. महापालिकेची परवानगी काढून केळुसकरांनी त्याचे चौदा तुकडे पाडले आणि ज्यांना भाजीपाला लावायची हौस आहे त्यांना वाटून टाकले. नऊ नंबर सगळ्यात वाईट होता. तो कुणी घेईना, म्हणून तो मला मिळाला. "अवघड जागा जाणकारालाच द्यायला हवी," असं केळुसकर म्हणाले.

मी जाणकार कसा, तेही सांगतो. सत्तावीस वर्षं मी रेडिओवर 'शिवारगप्पा' नावाचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम केला. रोज संध्याकाळी साडेसहाला रानबा नावाचा एक अनुभवी, मिश्कील शेतकरी गावकऱ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. तो रानबा म्हणजे मी, अच्युत देवस्थळी. जन्म साताऱ्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. आमच्या आजोळीसुद्धा अंगणात फरशी होती. शेतीतज्ज्ञ लिहून पाठवत, मी ते गावरान बोलीत वाचत असे. इतकं झकास वाचत असे, की लोक मला लग्नाला बोलावून उसाचे प्लॉट दाखवत आणि मी कांड्याला बोट लावून "हं" म्हणत असे. घरी मात्र मनीप्लांटही माझ्या हातून जगला नव्हता. निवृत्त झाल्यावर हे लोकांना सांगून टाकायला हवं होतं. पण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण "काय रानबा" म्हणून हाक मारी, आणि ते मला आवडत असे.

कार्यक्रम संपवून सगळे चहाला गेले तेव्हा मी लोखंडात दांडा बसवायचा प्रयत्न करत होतो. पारूआक्का जवळ आल्या.

"उलटा बसवतायसा," त्या म्हणाल्या.

मी दांडा फिरवला.

"कदी मातीत हात घातलाय का वो?"

आजूबाजूला कुणी नाही हे पाहून मी मान हलवली.

"बरं. उद्या सकाळी सहाला या. ही मंडळी सातला येत्यात. तासभर मिळंल. आणि धोतर नको, पायात अडकून पडशीला."

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. सहा ते सात आक्का मला शिकवायच्या आणि सात ते आठ मी तेच सोसायटीला शिकवायचो. सहा वाजता मला कळायचं की हरळी वरून कापून काही होत नाही, खणून तिच्या मुळ्या वेचाव्या लागतात, बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. सात वाजता मी रानबाच्या आवाजात सांगायचो, "मंडळी, हरळी म्हंजी लई चिवट पावणा. दारातनं घालवला तर खिडकीतनं येतुया." लोक खूश व्हायचे. पावणा-खिडकी माझी, बाकी सगळं आक्कांचं.

"बोलतासा मात्र ब्येस," आक्का म्हणायच्या. "मी सांगितल्यालं तुमच्या तोंडनं ऐकलं की मलाच नवं वाटतंय."

"आक्का, मी तुमचं नाव सांगतो ना सगळ्यांना."

"नको. माझी करमणूक जाईल."

माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कंबर अशी धरली की माझी बायको कुमुद मला सकाळी पलंगावरून दोन्ही हातांनी ओढून उभं करायची. "सत्तावीस वर्षं शेतकऱ्यांना सांगत होतात ना, जमीन खोल नांगरा म्हणून," ती म्हणायची, "आता कळलं असेल किती सोपं असतं ते." दीड महिन्यात नऊ नंबरची माती दिसू लागली. काळी, ओलसर, आक्कांनी घालायला लावलेल्या शेणखतानं भुसभुशीत झालेली. वाफे झाले, एका कडेला मेथी उगवली, वांग्याची चोवीस रोपं लागली. त्यातलं एक रोप मी उलटं लावलं होतं, असं आक्का सगळीकडे सांगायच्या. ते खरं नाही. ते आडवं झालं होतं.

पहिल्यांदा मेथी उगवली त्या सकाळी मी वाफ्याशी उकिडवा बसलो होतो. कितीतरी वेळ बसलो असेन. मी आयुष्यात हजारो वेळा 'उगवण' हा शब्द उच्चारला होता. ती अशी वाकलेल्या मानेनं, डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन वर येते, हे मला माहीत नव्हतं.

मग पुतणीच्या लग्नासाठी आक्का पंधरवडाभर गावी गेल्या. जाताना बजावून गेल्या, "मी येस्तवर नवं काई सांगू नका. कुणी इचारलं तर म्हणा, बगू."

दोन दिवस मी "बघू" म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हैसाळकर वहिनी आल्या. त्यांच्या वांग्याची पानं पिवळट दिसत होती. त्यांच्या पाठोपाठ आणखी चौघं आली. सगळी माझ्या तोंडाकडे बघत उभी. समोर इतके श्रोते असताना नुसतं "बघू" म्हणून थांबायची मला सवय नव्हती. जुन्या संहितेतलं एक पान डोळ्यांसमोर आलं आणि रानबा बोलायला लागला, "कोंबडखत. लेकराला जसं तूप, तसं वांग्याला कोंबडखत. मुळाशी वंजळभर घाला आन् गंमत बघा."

म्हैसाळकरांच्या ओळखीचा पोल्ट्रीवाला होता. दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून दहा पोती आली. ताजं, ओलं, वास असा की पहिल्या मजल्यानं खिडक्या लावून घेतल्या. आम्ही सहा जणांनी प्रत्येक रोपाच्या मुळाशी ओंजळभर घातलं, आणि हात मोकळा असल्यामुळे थोडं जास्तच घातलं.

गंमत चौथ्या दिवशी दिसली. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग रोपं माना टाकू लागली. आठवडा संपता संपता सहा तुकड्यांवर मिळून शंभरावर रोपं करपून उभी होती.

"खतात काहीतरी केमिकल आहे," केळुसकरांनी निदान केलं. "रविवारी सकाळी त्या पोल्ट्रीवाल्याकडे सगळे मिळून जायचं. रानबा, तुम्ही पुढे राहा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

मी होकार दिला. नकार द्यायला तोंड उघडलं असतं तर पुढचंही सगळं बाहेर आलं असतं.

रविवारी सकाळी सहाला आक्का दहा नंबरवर उभ्या होत्या. रात्रीच्या गाडीनं आल्या होत्या. त्यांनी सगळी रांग पाहिली, एक रोप उपटलं, मूळ नाकाशी नेलं.

"ताजं घातलंसा व्हय?"

"हो."

"कोंबडखत लई उष्ण. कुजवून, मुरवून घालायचं असतंय, आन् खोडापास्नं लांब. तुमच्या कागदावर न्हवतं त्ये?"

"असेल. मला आठवलं तेवढं मी सांगितलं." मी बांधावर बसलो. मग कुणालाही सांगायला लाज वाटावी असं एक वाक्य मी स्वतःच्या समाधानासाठी बोललो. "आक्का, इतकी वर्षं लोकांना सल्ले दिले, पण माझ्या शब्दामुळे कुणाचं पीक गेलं असं हे पहिल्यांदाच झालं."

"पहिल्यांदा न्हाई वो," आक्का म्हणाल्या.

त्या माझ्या शेजारी बसल्या. चिडल्या नव्हत्या. लग्नातली गंमत सांगावी तशा सांगू लागल्या.

"आमच्या ह्यांनी तुमच्याकडं पत्र धाडलं हुतं. शामराव चौगुले, हिंगणवाडी. धा गुंठं वांगी हुती, माव्याची कीड पडली हुती. तुम्ही नाव घिऊन उत्तर दिलंसा. साबण आन् रॉकेल एकत्र करून फवारा म्हणालासा. रेडिओवर नाव आलं म्हणून हे इतकं खूश, की पंपात भरून सगळ्या रानाला फवारलं. तिसऱ्या दिवशी रान करपलं. अक्षी असंच."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

"गावानं लई चेष्टा केली. शामराव, रेडिओ वांगी खातुय का, म्हणून इचारायची. हे सोताबी हसायचं. मग ह्यांनी तुमास्नी एक कार्ड लिवलं. भांडायला न्हाई हां. 'रानबा, पाणी किती घालायचं त्ये सांगायचं ऱ्हायलं वाटतं. येकदा सांगून टाका, म्हंजी बाकीच्यांची जळायची न्हाईत.' एवडंच. मग पंधरा दिस रोज साडेसहाला रेडिओफुडं बसायचं. तुम्ही काय बोलला न्हाईसा. मी म्हणलं, बगा तुमचा रानबा. तर म्हणालं, अगं, कार्ड पोचलंच नसंल. पोचलं असतं तर त्यो सांगितल्याबिगर ऱ्हायला नसता. आवाजावरनं कळतंय की माणूस." आक्कांनी हातातलं करपलेलं रोप बाजूला ठेवलं. "तुमचा आवाज मी पहिल्या दिशीच वळकला. म्हणून म्हणलं, शिकवावं ह्यास्नी जरा. शामरावांच्या भरवशाचा माणूस."

शाळेत जाणारं एखादं मूल दप्तर घट्ट धरतं तसं मी खुरपं धरून बसलो होतो. त्या दिवशीच्या संहितेचं पान मला आठवत होतं. उत्तराची शेवटची ओळ पानाच्या मागच्या बाजूला होती, आणि घड्याळात वीस सेकंद उरली होती. पान उलटायचं सोडून मी "राम राम मंडळी" म्हणालो होतो. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

आक्कांनी माझ्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं होतं. मी गप्प बसलो असतो तर शामरावांचा रानबा तसाच चांगला राहिला असता. त्यांच्याही मनात आणि माझ्याही.

"आक्का," मी म्हणालो, "कार्ड पोचलं होतं."

त्यांनी मान वळवून पाहिलं.

"निळ्या शाईनं लिहिलं होतं. अक्षर उजवीकडे झुकलेलं. मी कागद काढून बघितला, चूक माझीच होती. त्या वर्षी कार्यक्रमाला बक्षीस मिळायचं होतं. चूक झाली असं कार्यक्रमात बोललो तर साहेब काय म्हणतील, या भीतीनं मी ते कार्ड टेबलाच्या खणात टाकलं. दोनदा बाहेर काढलं आणि पुन्हा ठेवलं. नंतर जागा बदलली तेव्हा कागदांबरोबर ते फेकलं गेलं."

आक्कांनी ओढ्याकडे पाहिलं. पलीकडे कुणीतरी म्हैस पाण्यात घातली होती. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"हे मला सांगून उपेग काय?" त्या म्हणाल्या. "ज्यास्नी सांगायचं हुतं ते गेलं सा वर्सांमागं. आता सातला ती मानसं येत्यात. त्यास्नी तरी सांगा."

आणि त्या घरी निघून गेल्या.

सात वाजता केळुसकर पोल्ट्रीवाल्याशी भांडायच्या तयारीनं, बूट घालून आले होते. मी सगळ्यांना बांधावर बसवलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. मला शेतीतलं काहीही कळत नाही. खत चांगलं होतं, सल्ला चुकीचा होता. आजवर इथे जे बरोबर सांगितलं ते पारूआक्कांचं, आदल्या तासात शिकलेलं.

मी थांबलो. म्हैसाळकर वहिनींनी शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं तोंडाला पदर लावला.

"अहो देवस्थळी," वहिनी म्हणाल्या, "आमच्या गॅलरीतून हे सगळं रान दिसतं. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही चहा घेऊन बघतोय. आक्का तुमच्या हातातून खुरपं काढून घेतात आणि पुन्हा देतात, ते बघायला ह्यांनी आता दुर्बीण आणलीय."

"मग सातला शिकायला कशाला येत होता?"

"तुम्ही बोलता छान," केळुसकर म्हणाले. ते बूट सोडायला लागले होते. "पण कोंबडखताचं तुम्ही आक्कांना विचारून सांगताय असं वाटलं. तेवढं मात्र बरोबर नाही केलंत."

मग मी शामराव चौगुल्यांच्या कार्डाचं सांगितलं. त्यावर कुणी हसलं नाही. केळुसकरांनी बूट पुन्हा पायात घातले आणि मंडळी एकेक करून उठून गेली.

पुढचे चार दिवस आक्का आल्या नाहीत. मी सहाला येत होतो. सहाही तुकड्यांवरचं कोंबडखत मुळापासून उकरून मी एका खड्ड्यात ओढलं, त्यावर पालापाचोळा आणि माती टाकली, वाफे पुन्हा खणले. कुणी कर म्हणालं नव्हतं. वरच्या गॅलरीत चहाचे कप दिसत होते, पण त्या दिवसांत कुणी खाली येऊन चेष्टा केली नाही, आणि ती नसणं मला फार टोचत होतं. कुमुद एकदा डबा घेऊन आली. माझं खणणं बघत म्हणाली, "आता कुठे निवृत्त झालात तुम्ही." इतकंच बोलून ती परत गेली.

पाचव्या दिवशी सहाला आलो, तर आक्का त्यांच्या तुकड्यावर मेथी खुरपत होत्या. मी माझ्या बांधावर उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पाणी किती हुतं?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"त्या साबणाच्या औषधात."

मी ते शोधून काढलं होतं. जुन्या पुस्तिका पोटमाळ्यावर होत्या, तीन दिवस लागले होते. "पंधरापट," मी म्हणालो.

"असं नको. रेडिओवर सांगायचासा तसं सांगा."

"आत्ता? इथे?"

"मग कुटं सांगणार?"

त्यांनी खुरपं खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडी घालून बसल्या. त्यांच्या बाजूला एका माणसाची जागा रिकामी राहिली. मुद्दाम ठेवली होती की नाही, ते मी विचारलं नाही.

मी दोन पावलं पुढे गेलो आणि घसा साफ केला. हजारो कार्यक्रमांत कधी फुटला नव्हता असा घाम मला फुटला होता.

"राम राम मंडळी. मुक्काम हिंगणवाडी, तालुका वाळवा, इथल्या शामराव चौगुल्यांनी वांग्यावरच्या माव्याबद्दल इचारलं हुतं. त्यांना उत्तर देताना रानबाची चूक झाली. साबण आन् रॉकेलाचं जे औषध सांगितलं, त्यात पंधरापट पानी घालून मग फवारायचं. ही ओळ रानबानं वाचली न्हाई. शामरावांनी कार्ड पाठवून चूक दाखवली. त्ये कार्ड पोचलं हुतं. पोचूनबी रानबा गप बसला. शामरावांची धा गुंठं वांगी रानबामुळं गेली, आन् आणकी कुणाकुणाची गेली त्ये रानबाला ठावं न्हाई. शामराव, माफी असावी."

कार्यक्रम संपताना म्हणायचं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते मी गिळलं.

आक्का जमिनीकडे बघत ऐकत होत्या. नाकाचा शेंडा लाल झाला होता. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि खुरपं उचललं.

"आवाज चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं तेवडं तरी बरुबर हुतं." मग खुरप्याच्या टोकानं त्यांनी माझ्या पायांकडे दाखवलं. "आता सरका जरा. कवाधरनं माझ्या मेथीत हुबं हाईसा."

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय वाफ्यात होते.